कॅम्पर व्हॅन बनवायचीय? आधी आरसी बघा, मग सुताराला बोलवा

रिटायर झाल्यावर आमच्या मामांच्या डोक्यात कॅम्पर व्हॅन, म्हणजे आतच झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, शिरली. रोज रात्री जेवण झालं की यूट्यूब, कुठलं तरी गोरं जोडपं, बर्फाचा डोंगर, गाडीच्या मागच्या दारात बसून कॉफी. मामी म्हणायची आधी घरातला गळका नळ बघा, मग गाडीत सिंक बसवा. पण एक दिवस सेकंडहँड ट्रॅव्हलर मिनीबस दारात येऊन उभी राहिलीच, बारा अधिक ड्रायव्हर, पांढरी नंबर प्लेट, आधीच्या मालकाने एकत्र कुटुंबासाठी घेतलेली. आठवड्याभरात सगळ्या सीटा काढल्या, जुन्या मालाच्या बाजारात नऊ हजारांना गेल्या, ओळखीचा सुतार आला आणि दोन महिन्यांत आत बेड, ओटा, पाण्याची टाकी, इन्व्हर्टर, पंखा, पडदेसुद्धा. खरं सांगतो, झकास झाली होती गाडी. फक्त आरसीवर, म्हणजे गाडीच्या रजिस्ट्रेशन सर्टिफिकेटवर, ती अजूनही तेरा माणसांची बस होती.

माझं सगळं म्हणणं एवढ्या एका गोष्टीभोवतीच आहे. तुम्ही आत किती खर्च केला, किती सुंदर केलं, याच्याशी आरटीओला आणि इन्शुरन्स कंपनीला घेणंदेणं नाही, त्यांच्यासाठी गाडी म्हणजे आरसीवर जे लिहिलंय ते. आरसी आणि प्रत्यक्ष गाडी यांच्यात जितकं अंतर तितका तुमचा धोका, आणि हे अंतर सुताराने काम सुरू करायच्या आधीच मोजायचं असतं. आम्ही ते नंतर मोजलं, म्हणून हे लिहायची वेळ आली.

तर आधी आरसी उघडा. आपण फक्त नंबर आणि नाव बघतो पण तिच्यावर बरंच काही असतं: गाडीचा क्लास, बॉडी टाइप, रंग, इंधन, बसायची क्षमता, झोपायची क्षमता (हो, तोही रकाना असतो, स्लीपर बसमुळे), रिकामं वजन, भरलेलं वजन. आता मामांच्या गाडीचा विचार करा. क्लास ओम्नी बस, बसायची क्षमता तेरा, झोपायची शून्य. प्रत्यक्षात सीट चार, झोपायची सोय दोघांची, रिकामं वजन सुताराने वाढवून ठेवलेलं. म्हणजे चार रकाने खोटे झाले, आणि ते करायला सही-शिक्का काही लागला नाही, नुसता पाना आणि स्क्रूड्रायव्हर पुरला.

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ नेमकं याबद्दल आहे. मालकाने गाडीत असा बदल करायचा नाही की ज्यामुळे आरसीवरची माहिती कंपनीने मुळात दिलेल्या माहितीपेक्षा वेगळी पडेल. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका केसमध्ये सुप्रीम कोर्टाने हे अजून घट्ट केलं, म्हणजे राज्याचे नियम काहीही म्हणोत, कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनला धक्का लावणारा बदल चालणार नाही. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १८२ए नव्याने लिहिलं गेलं, त्यात बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. ते 'प्रत्येक बदलामागे' नीट वाचा. सीट काढली एक, छत कापून हॅच बसवला दोन, साइडला खिडकी पाडली तीन.

आता कोणी म्हणेल की अहो रस्त्यावर फिरतात की अशा गाड्या, कोण अडवतंय. बरोबर आहे, हवालदार सहसा मागचं दार उघडायला लावत नाही, पडदे बघून हसतो आणि सोडतो. खरी गाठ पडते ती दुसऱ्याच माणसाशी, क्लेमच्या वेळी नुकसान तपासायला येतो तो, त्याला सर्व्हेअर म्हणतात, त्याच्याकडे येतोच.

एक गंमत मध्येच सांगून टाकतो. आपल्याकडे 'कॅम्पर' म्हटलं की गावाकडे दहापैकी नऊ लोकांना महिंद्राची बोलेरो कॅम्पर आठवते, पुढे दोन रांगा सीट आणि मागे माल टाकायला हौदा. तिचा या विषयाशी काही संबंध नाही, ते नुसतं मॉडेलचं नाव आहे. तिच्या हौद्यावर कोणी झोपायची खोली बांधली तर तो पुन्हा कलम ५२ चाच मामला.

सरकारी भाषेत मात्र कॅम्पर व्हॅन हा खरंच क्लास आहे. नोव्हेंबर २००४ च्या केंद्राच्या नोटिफिकेशनमध्ये कोणती गाडी ट्रान्सपोर्ट आणि कोणती नॉन-ट्रान्सपोर्ट याची यादी आहे, त्यात खाजगी वापराची कॅम्पर व्हॅन किंवा ट्रेलर नॉन-ट्रान्सपोर्टमध्ये, म्हणजे आपल्या कारच्या बाजूला धरलेली आहे. 'वाहन' या सरकारी नोंदणी सिस्टिममध्येही 'कॅम्पर व्हॅन / ट्रेलर (प्रायव्हेट यूज)' असा वेगळा क्लास दिसतो, त्याशिवाय साधा 'कॅम्पर व्हॅन / ट्रेलर' आणि 'मोटर कॅराव्हॅन' असेही आहेत. त्यामुळे खिडकीवरचा माणूस 'असा काही प्रकारच नसतो' म्हणाला तर नमस्कार करून पुढच्या साहेबाकडे जा, प्रकार असतो. फक्त त्याने रोज बघितलेला नसतो.

मग गाडी मोटर कॅराव्हॅन कधी होते? नुसती गादी टाकून नाही. तांत्रिक व्याख्येत चार गोष्टी लागतात: सीट आणि टेबल, झोपायची सोय (सीटचाच बेड होत असेल तरी चालतो), स्वयंपाकाची सोय, आणि सामान ठेवायची कपाटं. आणि हे सगळं गाडीला पक्कं बसवलेलं पाहिजे, टेबल तेवढं काढता येण्याजोगं चालतं. ही 'पक्कं' ची अट डोक्यात ठेवा कारण पुढचा सगळा खेळ तिच्यावर आहे: पक्कं बसवलं तर गाडीचा प्रकार बदलला, नुसतं ठेवलं तर ते सामान.

आता रस्ते किती? मला तीन दिसतात, आणि तिघांची किंमत पैशात आणि डोकेदुखीत अगदी वेगवेगळी आहे.

पहिला रस्ता महाग पण सरळ. तयार कॅराव्हॅन घ्यायची, किंवा नवी गाडी घेऊन मान्यताप्राप्त बॉडी बिल्डरकडून बांधून घ्यायची आणि पहिलं रजिस्ट्रेशनच कॅम्पर म्हणून करायचं. यासाठी एआयएस-१२४ नावाचं स्टँडर्ड आहे, मोटर कॅराव्हॅनच्या टाइप अप्रूव्हलचं. बिल्डरने आपलं मॉडेल एखाद्या सरकारमान्य टेस्टिंग संस्थेकडून पास करून घ्यायचं असतं, आणि याबाबतीत आपण महाराष्ट्रातले लोक नशीबवान, कारण अशा संस्थांपैकी तीन आपल्याच अंगणात आहेत: कोथरूडच्या टेकडीवरची एआरएआय, पुणे-नाशिक रस्त्यावर भोसरीची सीआयआरटी, आणि नगरजवळची, आता अहिल्यानगर म्हणायचं, व्हीआरडीई. चेसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा, एकाची आणि बॉडी दुसऱ्याची असेल तर आरटीओत फॉर्म २२ (गाडी रस्त्यावर चालवण्यालायक असल्याचा दाखला) ऐवजी फॉर्म २२ए लागतो, त्याचे दोन भाग असतात, एक चेसिस बनवणारा भरतो, दुसरा बॉडी बांधणारा. ॲडव्हान्स द्यायच्या आधी बिल्डरला एवढंच विचारा की तुमचं अप्रूव्हल सर्टिफिकेट दाखवा आणि ते मी घेतोय त्याच बेस गाडीचं, त्याच व्हीलबेसचं (पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराचं) आहे का. 'आमच्याकडे अप्रूव्हल आहे' हे वाक्य ऐकून खूश होऊ नका, ते दुसऱ्याच गाडीचं असू शकतं, आणि छोट्या मॉडेलचा कागद मोठ्या मॉडेलला लावता येत नाही. सर्टिफिकेट दाखवायला जो आढेवेढे घेतो तो छान सुतार असेल, बॉडी बिल्डर नाही.

दुसरा रस्ता आपल्या सगळ्यांचा आवडता, जुनी गाडी घ्यायची आणि बदलायची. हाच सगळ्यात खडतर. अशक्य म्हणत नाही, पण इथे क्रम उलटा चालत नाही. आधी आरटीओत लेखी अर्ज करून विचारायचं, सोबत आतल्या मांडणीचं ड्रॉइंग, वजनाचा हिशोब, आणि ज्याच्याकडून करून घेणार त्याचं अप्रूव्हल. परवानगी मिळाली तर काम, काम झालं की १४ दिवसांत कळवायचं, इन्स्पेक्टरला गाडी दाखवायची आणि मग आरसीवर बदल चढतो. गाडी लोनवर असेल तर फायनान्स कंपनीची लेखी संमती आधी लागते, हेही कलम ५२ मध्येच आहे, आणि लोक हे हमखास विसरतात कारण हप्ता वेळेवर जातोय म्हणजे गाडी आपलीच असं वाटतं. २०१९ च्या निकालानंतर आरटीओतले अधिकारी अशा अर्जाला हात लावताना दहादा विचार करतात, आणि त्यांची बाजूही समजून घ्या, उद्या काही झालं तर सही त्यांची असते. तोंडी 'करा हो, काही होत नाही' याला शून्य किंमत आहे. एजंटच्या 'मी करून देतो' ला तर त्याहून कमी.

तिसरा रस्ता गरीब पण झोपमोड न करणारा. गाडीला हातच लावायचा नाही. पाच सीटची व्हॅन किंवा एसयूव्ही, सीट जिथल्या तिथे, आणि मागच्या जागेत एक पेटी जी उलगडली की बेड होते, दुसऱ्या पेटीत शेगडी आणि भांडी, तिसरीत पॉवर स्टेशन, म्हणजे उचलून नेता येणारी मोठी बॅटरी. वेल्डिंग नाही, ड्रिलचं भोक नाही, गाडीच्या मूळ वायरिंगला जोड नाही. प्रवासात पट्ट्याने आवळून बांधायचं, घरी आलं की उतरवून ठेवायचं. ते गाडीचा भाग नाही, तुमचं सामान आहे, जशी बॅग तसंच. एक चूक मात्र इथेही होते, जागा हवी म्हणून मागची अख्खी सीट काढून घरी ठेवतात. सीट दुमडा, काढू नका, काढली की आरसीवरचा आकडा चुकला. टपावर तंबू लावायचा असेल तर गाडीच्या मॅन्युअलमध्ये टपाच्या वजनाची मर्यादा दिलेली असते ती बघा, तंबूच बऱ्यापैकी जड असतो.

यूट्यूबवर जे बघतो ते बहुतेक इंग्लंड-अमेरिकेतलं असतं आणि तिथले नियम वेगळे, म्हणून ते बघून इथे काम सुरू करू नये. आणि तिथेही वाटतं तितकं सोपं नसतं. इंग्लंडमध्ये लोक स्वतः व्हॅन बनवतात, पण तिथल्या रजिस्ट्रेशन खात्याकडून कागदावर 'मोटर कॅराव्हॅन' लिहून घ्यायचं तर गाडी बाहेरून तशी दिसली पाहिजे, बाजूला खिडक्या, उंच छत, मांडव लावायची पट्टी वगैरे, आत तुम्ही महाल बांधला असला तरी बाहेरून डिलिव्हरी व्हॅन दिसत असेल तर अर्ज परत येतो. म्हणजे कागदाची कटकट त्यांनाही आहेच, व्हिडिओत ती दाखवत नाहीत इतकंच.

वजनाचं बोललोच नाही. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, हे गणित चौथीतलं पण गाडीत टाकी बसवताना आठवत नाही. आठ बाय चारची १८ एमएमची प्लायवूडची एक शीट तीसेक किलो भरते, अशा सात-आठ शीट सहज लागतात. मोठी लेड-ॲसिड बॅटरी पन्नास-साठ किलो. वर गॅस, सोलर, फ्रिज, आणि मामीची पोळपाट-लाटण्यासकट सगळी भांडी. काम झाल्यावर गाडी सरळ वजनकाट्यावर न्या, हायवेला दर काही किलोमीटरवर काटा असतो, थोडे पैसे घेऊन पावती देतात. रिकामं वजन आणि प्रवासाला निघतानाचं भरलेलं वजन, दोन्ही. आणि वजन एकाच बाजूला साचलं असेल तर घाटात वळणावर गाडी स्वतःच सांगते.

नंबर प्लेटचा रंग हा अजून एक गोंधळ. स्वतःच्या वापराची गाडी म्हणजे पांढरी प्लेट, आरसी १५ वर्षं चालते, नंतर पाच-पाच वर्षांनी रिन्यू. भाड्याने द्यायची म्हटली की ती ट्रान्सपोर्ट, पिवळी प्लेट, परमिट, टॅक्स वेगळा आणि फिटनेस सर्टिफिकेट आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, मग दरवर्षी. सेल्फ-ड्राइव्ह भाड्याच्या गाड्यांची काळी प्लेट पिवळी अक्षरं तुम्ही बघितलीच असतील. महाराष्ट्राने मार्च २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं, ते मुख्यतः अशा धंदा करणाऱ्यांसाठी आणि कॅराव्हॅन पार्क काढणाऱ्यांसाठी आहे, पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी केली की काही सवलती. घरच्या गाडीवाल्याला त्याचा फायदा इतकाच की गाडी उभी करायला बऱ्या जागा झाल्या तर होतील. पण 'वर्षातले दहा महिने उभीच असते, मधे मित्राला देतो, तो डिझेल आणि वर काहीतरी देतो' हे प्रकरण पांढऱ्या प्लेटवर करू नका. ते 'वर काहीतरी' म्हणजेच भाडं.

टॅक्सबद्दल एकच. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या डिझेल कारला किमतीप्रमाणे १३, १४ किंवा १५ टक्के वन-टाइम टॅक्स बसतो, हे डोक्यात धरून लोक बजेट करतात, पण क्लास बदलला की टॅक्सचा हिशोबही बदलू शकतो, म्हणून आकडा शोरूमकडून नाही, आरटीओकडून काढून घ्या आणि कागदावर घ्या.

लायसनची भीती मात्र सोडा. साडेसात टनांपर्यंतची गाडी लाइट मोटर व्हेइकलमध्ये येते, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने स्पष्ट केलं की एलएमव्ही लायसन असलेल्या माणसाला त्या वजनाच्या आतली ट्रान्सपोर्ट गाडीही चालवता येते, वेगळी नोंद लागत नाही. त्याआधी इन्शुरन्स कंपन्या याच मुद्द्यावर वर्षानुवर्षं भांडत होत्या.

आता इन्शुरन्स. इथे जरा बसून वाचा.

पॉलिसीचे दोन तुकडे असतात. एक थर्ड पार्टी, जो कायद्याने सक्तीचा, तुमच्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान केलं तर. त्याचा दर सरकार ठरवतं, म्हणजे जून २०२२ पासून १५०० सीसीच्या वरच्या प्रायव्हेट कारला वर्षाला ७,८९७ रुपये, आणि बस, मालवाहू, ट्रेलर यांचे दर त्यांच्या त्यांच्या गटाप्रमाणे. दुसरा तुकडा ओन डॅमेज, तुमच्या गाडीचं नुकसान, याचा दर कंपनी स्वतः ठरवते. कुठला गट लावायचा हे कंपनी कशावरून ठरवते? आरसीवरच्या क्लासवरून. म्हणजे आरसी चुकीची असेल तर पॉलिसीचा पायाच चुकीचा, मग वरचा मजला कितीही मजबूत बांधा.

मामांनी रिन्यूअलच्या वेळी एजंटला विचारलं होतं की आत काम केलंय, सांगायचं का. एजंट म्हणाला, "कशाला सांगताय, प्रीमियम वाढेल." हे वाक्य महाराष्ट्रात रोज किती ठिकाणी बोललं जात असेल देव जाणे. इन्शुरन्स हा विश्वासाचा करार आहे, कंपनीचा निर्णय ज्यावर अवलंबून असेल ती गोष्ट लपवली की कंपनीला हात झटकायला कारण मिळतं. आणि एजंट क्लेमच्या वेळी फोन उचलत नाही, तो लग्नाला गेलेला असतो.

थर्ड पार्टीतही गाफील राहू नका. अपघातात दुसऱ्या कोणाला लागलं आणि तुमच्या बाजूने अटी मोडल्याचं निघालं, तर कोर्ट बऱ्याचदा कंपनीला सांगतं की आधी जखमीला पैसे दे आणि मग मालकाकडून वसूल कर. जखमी माणसाच्या दृष्टीने हे योग्यच आहे. तुमच्या दृष्टीने म्हणजे पॉलिसी असूनही बिल तुमच्याच नावावर, आणि असली बिलं लाखांत असतात.

ओन डॅमेजमध्ये कळीचा शब्द आयडीव्ही, म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण जळाली तर जास्तीत जास्त किती मिळेल तो आकडा. समजा गाडी १४ लाखांची आणि आतलं काम ८ लाखांचं. पॉलिसी नुसत्या गाडीची काढली, गाडी दीड वर्षाची झाली, तर २० टक्के घसारा जाऊन आयडीव्ही ११ लाख २० हजार. जळाली तर तेवढेच. आतले आठ लाख कुठल्याच कागदावर नाहीत, त्यामुळे ते नव्हतेच. याला उपाय आहे, पॉलिसीत इलेक्ट्रिकल आणि नॉन-इलेक्ट्रिकल ॲक्सेसरीज असे वेगळे रकाने असतात, त्यात फ्रिज, सोलर, इन्व्हर्टर एका बाजूला आणि फर्निचर दुसऱ्या बाजूला अशी किंमत जाहीर करायची, जादा प्रीमियम भरायचा. बिलं पक्की, जीएसटीसकट पाहिजेत, सुताराने वहीच्या कागदावर लिहून दिलेला हिशोब चालत नाही. आणि गाडी कंपनीच इन्स्पेक्शन करून फोटो काढून गेली तर उत्तम, तुम्हीच आग्रह धरा, कारण त्यांनी आतला ओटा बघून पॉलिसी दिली असेल तर नंतर 'आम्हाला माहीतच नव्हतं' म्हणायला जागा राहत नाही.

तरी सगळं कव्हर होतं असं समजू नका. आग लागली, स्फोट झाला तर साध्या पॉलिसीत येतं, पण इन्व्हर्टर आपोआप बंद पडला, फ्रिज बसला, तर तो इलेक्ट्रिकल ब्रेकडाउन, तो वगळलेला असतो. बॅटरी आणि रबर-प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के कापतात, फायबरवर ३०, काचेवर काही नाही, झिरो डेप (घसारा न कापणारं जादा कव्हर) घेतलं असेल तर निराळं. लॅपटॉप, कॅमेरा, कपडे हे गाडीच्या पॉलिसीत येतच नाहीत, ते तुमचं वैयक्तिक सामान, आणि हो, तिसऱ्या रस्त्यातल्या त्या पेट्याही त्यातच मोडतात, हे त्या रस्त्याचं नुकसान. मालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा मात्र असतो का बघा, तो वेगळा घ्यावा लागतो. आणि नेपाळ-भूतानला निघायचं स्वप्न असेल (कॅम्परवाल्या प्रत्येकाचं असतं) तर साधी पॉलिसी भारताच्या हद्दीपुरती आहे, शेजारच्या देशांसाठी जादा पैसे भरून एक्स्टेन्शन निघतं, ते निघायच्या आधी काढा, नेपाळच्या सीमेवर काकरभिट्ट्याला पोहोचून नाही.

मामांचं काय झालं? आंबा घाटात धुक्यात मागून टेम्पोने ठोकलं. कोणाला लागलं नाही, मागचं दार आणि पत्रा आत गेला, वर ओट्याचा एक कोपरा. साधा क्लेम. सर्व्हेअर आला, फोटो काढता काढता त्याने दार उघडलं आणि आत मामीचा मसाल्याचा डबा. तो माणूस वाईट नव्हता हो, चहासुद्धा घेतला त्याने, पण रिपोर्टमध्ये जे दिसलं ते लिहिलं: आरसीनुसार सीट तेरा, प्रत्यक्षात चार, स्वयंपाकघर बसवलेलं. पंधरा दिवसांनी पत्र, खुलासा करा. मग दुसरं पत्र. शेवटी क्लेम नामंजूर, आणि अडुसष्ट हजारांचं बिल मामांनी खिशातून भरलं.

तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं म्हणून सोडून दिलं, पण अशा वेळी सगळं संपत नाही. सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये एका केसमध्ये, ती प्रायव्हेट गाडी भाड्याने दिल्याची होती, म्हटलंय की अट मोडली म्हणून अख्खा क्लेम फेकून देता येत नाही, नॉन-स्टँडर्ड बेसिसवर, म्हणजे काही टक्के कापून सेटल करता येतो. आपल्या गाडीला ते लागू होईलच असं नाही पण पत्रात हा मुद्दा घालायला काय जातं. आधी कंपनीच्या ग्रिव्हन्स विभागाकडे लेखी तक्रार, महिनाभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही तर इन्शुरन्स ओम्बड्समन, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणारा अधिकारी, पुण्यात त्यांचं ऑफिस आहे, फी नाही आणि वकील लागत नाही. तो टेम्पोवाला चुकीचा होता, म्हणजे त्याच्या थर्ड पार्टीवरही आमचा दावा बसत होता, पण आम्ही घाटात एफआयआरच केला नाही, पाऊस होता, सगळे म्हणाले चला घरी.

मग मामांनी गाडी विकायला काढली. इथे अजून एक पेच. गिऱ्हाईक यायचं, आरसी बघायचं, आत बघायचं आणि 'कळवतो' म्हणून जायचं. नव्या मालकाच्या नावावर करताना हाच प्रश्न त्याच्या गळ्यात पडणार हे त्यांना आमच्यापेक्षा आधी कळत होतं. म्हणून सगळं काढायचं ठरलं आणि सीटा परत बसवायच्या. त्याच बाजारात गेलो, मूळ सीटा कधीच गेल्या होत्या, त्याच मॉडेलच्या दुसऱ्या मिळाल्या, रंग वेगळा, बावीस हजार. नऊला विकल्या, बावीसला घेतल्या. मामी काही बोलली नाही, नुसतं मामांकडे बघितलं.

आता त्यांच्याकडे साधी पाच सीटची व्हॅन आहे, मागे तीन पेट्या, आरसीला धक्का नाही. गेल्या डिसेंबरात गुहागर ते वेंगुर्ले करून आले. पेट्या जुन्या ओट्याच्याच प्लायवूडच्या आहेत, सिंकचं गोल भोक एका झाकणावर अजून दिसतं, मामी त्यात पाण्याचा तांब्या ठेवते.